शिट्ट्या, बांगडे आणि वासंतीचं बी.ए.

दुरुस्तीच्या दुकानात वस्तू साठतात, तसे किस्सेही साठतात. वस्तूंचं एक बरं असतं. मालक दोन वर्षं फिरकला नाही की मी सरळ तिचे पार्ट काढून दुसरीकडे वापरतो. किश्श्यांना मालकही येत नाही आणि त्यांचे पार्टही सुटे होत नाहीत! एक सांगायला घ्यावा, तर त्याला चिकटून दुसरा येतो, आणि चहा निवून जातो.

रत्नागिरीत माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पुढे काउंटर, मागे एक खोली. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. पण अठ्ठ्याण्णव सालापासून पुढची पाच-सहा वर्षं त्या मागच्या खोलीत जे काही चाललं होतं, त्याला नक्की काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णा त्याला 'केंद्र' म्हणायचे. माझी बायको म्हणायची, "तुमचा तो आरडाओरडा!"

*

गणपती नुकतेच गेले होते. पालीच्या पुढच्या एका वाडीतली वासंती नावाची मुलगी आईचा हात धरून दुकानात आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. लहानपणी अंधशाळेत राहून ब्रेल शिकलेली, त्याच वर्षी कॉलेजात बी.ए.ला आलेली. टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवून म्हणाली, "दादा, हा कॅसेट खातो."

रोलर झिजला होता. मी बदलला आणि तिचीच कॅसेट लावून बघितली. आत एक बाई वाचत होती. "रा... ज्य... शा... वासू, हे कसलं गो अक्षर?" मग एक कोंबडी ओरडली. मग बाई म्हणाली, "जाऊ दे, पुढचं वाचते."

मी वर बघितलं. वासंतीची आई पदराशी चाळा करत उभी होती. "मी चौथी शिकलेली. जोडाक्षर आलं की अडतंय. मग सोडून देते."

"सोडून देता?"

"बी.ए.ची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नाहीत," वासंती म्हणाली. "आई सोडते ते शब्द मी अंदाजाने भरते."

आता माझं सांगतो. विसाव्या वर्षी मी साउंड रेकॉर्डिस्ट व्हायला मुंबईला गेलो होतो. एका स्टुडिओत दोन वर्षं केबली गुंडाळल्या. माइकला हात लावायची परवानगी नव्हती! वडील आजारी पडले, मी परत आलो, दुकान काढलं. आणि इतक्या वर्षांनी समोर एक काम आलं होतं, ज्याला माइक लागणार होता!

"मी वाचून देतो!" मी इतक्या जोरात म्हणालो की मायलेकी दचकल्या.

मागच्या खोलीच्या भिंतींना गोणपाट ठोकलं. खिडकी बुजवली. माइक आणला. आठवडाभर संध्याकाळी बसून राज्यशास्त्राचं पहिलं प्रकरण वाचलं आणि कॅसेट पाठवली. पुढच्या आठवड्यात वासंती आली.

"कसं झालंय?"

"आवाज अगदी स्वच्छ आलाय, दादा. घरघर नाही, काही नाही."

"आणि वाचन?"

ती जरा घुटमळली. "आईला रात्री झोप यायची नाही. आता येते!"

*

म्हणजे माइक मिळाला, पण माणूस दुसरा हवा होता. मी दुकानाबाहेर पाटी लावली, "वाचणारी माणसं पाहिजेत."

एकाने पगार विचारला. एक जण आत येऊन म्हणाला, "म्हणजे आम्ही काय अडाणी?" तिसरा येऊन बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "हं, पेपर कुठाय?"

आणि चौथे आले ते अण्णा. गावाबाहेर त्यांची हापूसची बाग. साठी ओलांडलेली. आपला ट्रान्झिस्टर न्यायला आले होते. पाटी वाचून त्यांनी विचारलं, "माइक आहे?"

"आहे."

"मग आधी नाही का सांगायचं!"

अण्णा तरुणपणी रेडिओवर बातम्या द्यायला निघाले होते. मुंबईला जाऊन आवाजाची टेस्टसुद्धा दिली होती. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज उत्तम! पण बातमी तोंडातून यायला हवी, तुमची नाकातून येत्ये!" अण्णा परत आले ते थेट आंब्याच्या झाडावर चढले. त्यानंतर त्यांनी आवाज वापरला तो फक्त माकडं हाकायला.

माइकसमोर बसल्यावर त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"अण्णा, हे फक्त ऐकू जाणार आहे," मी म्हटलं.

"अरे दिगू, बटण लावल्याशिवाय आवाज सरळ येत नाही!"

अर्थशास्त्राचं पुस्तक त्यांनी असं वाचलं, जसं काही ते सगळं त्याच दिवशी सकाळी घडलं होतं! प्रकरणाआधी ठळक मुद्दे, प्रकरणानंतर पुन्हा ठळक मुद्दे. वासंती एकदम खूश. फक्त एक म्हणाली, "अण्णांनी 'मागणी घटली' म्हटलं की मला वाटतं, देशातला कुणीतरी मोठा माणूस गेला!"

*

इतिहास सुलभाताईंकडे आला. सुलभाताई कोर्टात टायपिस्ट. "दिवसभर लोकांची भांडणं टाइप करते रे," त्या म्हणाल्या, "संध्याकाळी जरा जुनी भांडणं वाचते!" त्यांना दुकानात यायला जमायचं नाही, म्हणून त्यांनी एक टेप घरी नेला आणि स्वयंपाकघरात बसून वाचायला लागल्या.

कॅसेट आली. मी लावली. लढाई ऐन रंगात, आणि कुकरची शिट्टी! सैन्य मागे हटलं, दुसरी शिट्टी! तहाची कलमं सुरू झाली, आणि मागच्या दारातून आरोळी आली, "बांगडे घ्या गो, ताजे बांगडे!" त्यावर सुलभाताईंचा आवाज, "आज नको, आज संकष्टी!" आणि लगेच, "तर तहाचं तिसरं कलम असं..."

वासंतीनेही ती ऐकली म्हटल्यावर सुलभाताई शरमेने लाल झाल्या. दोन रविवार खपून, सकाळी लवकर उठून, दारं-खिडक्या लावून त्यांनी सगळं प्रकरण पुन्हा वाचलं. एकही शिट्टी नाही, एकही बांगडा नाही. जुनी कॅसेट परत घेऊन नवी वासंतीच्या हातात देत म्हणाल्या, "आता ऐक!"

आठ दिवसांनी वासंती कॅसेट घेऊन परत.

"ताई, मला ती जुनीच द्या ना."

"का गं?"

"हिच्यात काही लक्षातच राहत नाही! जुनीत कसं, दुसऱ्या शिट्टीला सैन्य हटतं आणि बांगडेवाली गेली की तह होतो!"

आणि परीक्षेत तहाचाच प्रश्न आला! वासंती उत्तर सांगायची आणि तिच्या शेजारी बसलेली लेखनिक मुलगी ते लिहायची. ती मुलगी नंतर आम्हाला सांगत होती, "सगळी कलमं घडाघडा सांगितली. फक्त मधेच थांबून हसली. मी विचारलं काय लिहू, तर म्हणाली, हे नको लिहूस, हे बांगडे आहेत!"

*

सुलभाताईंचं आणखी एक. त्यांना लहानपणी नाटकात काम करायचं होतं, वडिलांनी करू दिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी वासंतीला अभ्यासाला एक नाटक लागलं. मग काय! नायक, नायिका, सासू, दारुडा दीर, सगळी पात्रं सुलभाताईंनी एकटीने केली.

शेवटच्या अंकात नायिका हंबरडा फोडते. ताईंनी तो असा फोडला की शेजारचे दोघे काठी घेऊन धावत आले. एकाने ताईंच्या यजमानांची कॉलरच धरली! ते बिचारे कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होते.

"अहो सोडा त्यांना!" ताई ओरडल्या. "ते या नाटकात नाहीत!"

*

हे सगळं हसण्यावारी चाललं असताना एक दिवस गाडी रुळावरून घसरायची वेळ आली. वासंतीचा मोठा भाऊ मोहन मुंबईला नोकरीला होता. घर त्याच्या मनीऑर्डरीवर चालायचं. बहिणीने शिकावं हे त्याला पटत नव्हतं. "शिकून करणार काय? रस्त्यात कुठे पडली-झडली तर?" त्या शिमग्याला तो आला तो कॉलेज बंद करायचं ठरवूनच. आणि ही कॅसेटची थेरं कोण करतंय ते बघायला तडक माझ्या दुकानात.

मी नेमका बाजारात गेलो होतो. दुकानात सुलभाताई. दारात एक तरणाबांड माणूस, कपाळावर आठ्या. तो म्हणाला, "वासंतीच्या कॅसेटी इथेच होतात ना?"

ताईंना वाटलं, पाटी वाचून आलेला! "या या या! कधीची वाट बघतोय आम्ही! बसा." त्याला बोलू न देता आत नेलं, खुर्चीत बसवलं, समाजशास्त्राचं पुस्तक हातात दिलं. "इथून सुरू करा. खोकला आला तर हे बटण दाबा." आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

मी परत आलो तर आतून वाचायचा आवाज. खणखणीत! एकही जोडाक्षर न सोडता! तासाभराने मोहन बाहेर आला, घामाघूम. ताईंनी चहा पुढे केला. त्याने अर्धा प्यायला आणि एकदम कप खाली ठेवला.

"अहो, मी भांडायला आलो होतो!"

"मग?" ताई म्हणाल्या.

मोहन दाराकडे बघत राहिला. दारात वासंती उभी होती. ती कधी आली, आम्हाला कळलंच नव्हतं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "दादा," ती म्हणाली, "किती दिवसांनी तू माझ्याशी इतका वेळ बोललास रे!"

मोहनने पुस्तक उचललं. "हे प्रकरण अर्धं राहिलंय," एवढंच म्हणाला आणि परत आत गेला. कॉलेज बंद व्हायचा विषय तिथेच संपला.

*

त्या दिवशी बहीण-भाऊ गेल्यावर अण्णांनी मला विचारलं, "दिगू, खरं सांग. आपण हिला शिकवतोय, की हिच्या निमित्ताने आपली जुनी हौस भागवून घेतोय? तुला माइक पाहिजे होता, मला बातम्या, सुलभाला नाटक."

सुलभाताई पर्स घेऊन निघाल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "दोन्ही! त्यात काय बिघडलं? आपल्या तिघांची स्वप्नं माळ्यावर धूळ खात पडली होती. खाली काढली तर कुणाच्या तरी उपयोगी पडली!"

अण्णांनी आपल्या चपला शोधून पायात घातल्या. मग म्हणाले, "सुलभा बोलते चांगलं. पण बातम्या नाही जमायच्या तिला!"

*

अर्थशास्त्रात आकृत्या असतात. त्या वाचणार कशा? अण्णांनी पहिल्यांदा मागणीचा वक्र तोंडी सांगून बघितला. "रेषा वरून निघत्ये, खाली उतरत्ये, अगो, जरा वळत्ये..." वासंती म्हणाली, "अण्णा, ही रेषा आहे की एसटी?"

मग अण्णांनी शक्कल लढवली. आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर पुरवठ्याची रेषा सुतळीची आणि मागणीची रेषा डिंकाने तांदूळ चिकटवून. वासंतीने बोट फिरवलं. एकदा, दोनदा. आणि खुर्चीवरून उठून टाळ्याच वाजवायला लागली. "भाव खाली घसरला की बोट पुढे सरकतंय, मागणी वाढतेय! म्हणजे हे असं असतं होय! वर्षभर पाठ करत होते, आज दिसलं!"

'दिसलं' हाच शब्द वापरला तिने. अण्णा दिवसभर तो शब्द सगळ्यांना सांगत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी बघतो तर पुठ्ठ्यावर सुतळी तेवढी शिल्लक! तांदूळ उंदराने साफ केलेले.

"मेल्याने मागणी खाल्लान आणि पुरवठा ठेवलान!" अण्णा कपाळाला हात लावून बसले.

"मग काय, अण्णा," वासंती म्हणाली, "आता भाव पडणार!"

*

दोन हजार सालच्या पावसाळ्यात आमच्या दुकानासमोरचा रस्ता खणायला घेतला. दिवसभर यंत्राची धडधड. रेकॉर्डिंग अशक्य! वासंतीची चाचणी परीक्षा तोंडावर. मिरकरवाड्यात माझं एक गिऱ्हाईक होतं, त्याचा ट्रॉलर पावसाळ्यामुळे किनाऱ्यावर ओढून ठेवलेला. तो म्हणाला, "केबिनमध्ये बसा की! शांत असतं."

शांत म्हणजे कसं, तर खाली चार खलाशी जाळी विणत बसलेले. मोहन रजेवर आला होता, तो वाचत होता. विषय कुटुंबसंस्था. थोड्या वेळाने खालचे हात थांबले. मग एक डोकं केबिनच्या दारात आलं, मग दुसरं. रघू नावाचा एक खलाशी तर आतच येऊन बसला.

मोहनने वाचलं, "आधुनिक काळात एकत्र कुटुंबपद्धती मोडकळीस आली आहे."

"कोन म्हन्तो?" रघू उसळला. "माज्या घरात या, दाखवतो! चौदा मान्सं एका चुलीवर जेवतात! मी आठ म्हयने दर्यावर, तर माजी पोरं कोन बघतो? भाऊच बघतो ना? मोडली असती तर आमी दर्यात गेलोच नसतो!"

हे सगळं टेपवर. पुसायला वेळ नव्हता, कॅसेट तशीच गेली.

चाचणीत तोच प्रश्न! वासंतीने पुस्तकातलं उत्तर सांगितलं आणि पुढे भर घातली. "काही विचारवंतांचे मत मात्र वेगळे आहे. त्यांच्या मते ज्या व्यवसायात पुरुष दीर्घकाळ घराबाहेर असतो, तिथे एकत्र कुटुंब आजही टिकून आहे."

सरांनी त्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारून शेरा दिला, "उत्तम! विचारवंताचे नाव द्यावे!"

*

वासंती फर्स्ट क्लासमध्ये बी.ए. झाली. तोवर आमच्या कॅसेटी पसरायला लागल्या होत्या. माझ्याकडे डबल डेक होता, त्यावर कॉपी काढायची आणि ओळखीच्या एसटी कंडक्टरकडे द्यायची. एक संच गुहागरला गेला, एक घाट चढून कोल्हापूरला. तिकडे कोण ऐकतंय, आम्हाला माहीतही नसायचं.

एक दिवस दुपारी एक फेटेवाले पाहुणे आपल्या मुलाला घेऊन दुकानात आले. मुलगा कॉलेजातला, काळा चष्मा. अण्णा आणि मी बसलेलो.

मुलाने हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. अर्थशास्त्राच्या सर्व प्रकरणांबद्दल मी आपला आभारी आहे."

मी उडालोच! शब्द न् शब्द नाकातून! थेट अण्णांची ढब, तोच हेल, वाक्याच्या शेवटी तोच गंभीर ठेका!

वडील काकुळतीला आले होते. "काय केलासा हो आमच्या पोराचं? गेल्या दिवाळीपतोर चांगलं कोल्हापुरी बोलत हुतं की! आता घरात जेवाय वाढ म्हनतंय, तेबी बातमी दिल्यागत!"

मला हसू आवरेना. अण्णा मात्र हसले नाहीत. उठले, त्या मुलाचा हात हातात घेतला, आणि म्हणाले, "बाळा, आणखी एक वाक्य बोल बघू."

तो बोलला. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्याकडे वळले.

"दिगू! मुंबईच्या साहेबाने नाक धरून परत पाठवलंन होतं ना? बघ! तेच नाक घाट चढून कोल्हापूरला पोचलं!"

*

पुढे वासंती बी.एड. झाली आणि लांज्याकडच्या एका शाळेत तिला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. आदल्या शनिवारी दुपारी ती आपली ब्रेलच्या नोट्सची जाडजूड पिशवी घेऊन दुकानात आली. आमच्या कॅसेटी ऐकून ऐकून तिने स्वतः टोचून काढलेल्या नोट्स.

"दिगूदादा, माइक लाव. गुहागरला आपल्या कॅसेटी ऐकणाऱ्या सुमनला राज्यशास्त्राचं शेवटचं प्रकरण मिळालेलं नाही. आज मी वाचणार."

बातमी कळल्यावर अण्णा आले, सुलभाताई कोर्टातून परस्पर आल्या. त्या एवढ्याशा खोलीत आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. वासंती खुर्चीत बसली, पानं मांडीवर घेतली. मी टेप चालू केला. तिची बोटं चालायला लागली आणि आवाज निघाला. स्पष्ट, सावकाश, कुठेही न अडखळता. प्रकरण होतं नागरिकांच्या हक्कांचं. सुलभाताई वासंतीसाठी पाण्याचा तांब्या धरून उभ्या होत्या. अण्णांनी हळूच आपल्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

निम्मं प्रकरण झालं असेल, आणि फट्! लाइट गेली!

खिडकी बुजवलेली, खोलीत मिट्ट काळोख. अण्णा दचकून मागे सरले ते स्टुलावर आदळले. स्टूल माझ्या पायावर. सुलभाताईंच्या हातातला तांब्या पडला, तो गडगडत कुठे गेला कळेना. "लाइट गेली! अगो थांब, थांब! दिगू, मेणबत्ती! काडेपेटी कुठाय? अरे माझा पाय!"

टेप सेलवर होता. तो चालूच होता. ती कॅसेट आजही माझ्याकडे आहे, त्यात हे सगळं आहे. तांब्या, स्टूल, अण्णा, सगळं. आणि या सगळ्याच्या मधून एकाच लयीत चाललेला वासंतीचा आवाज. परिच्छेद संपवून ती क्षणभर थांबली. पान उलटल्याचा आवाज आला.

"तुम्ही तिघं खाली बसा बघू शांत," ती म्हणाली. "तुमची लाइट येईपर्यंत माझं प्रकरण संपेल."